तांबड्या गाडीची आठ दिवसांची बोली

गाडीत दोनच माणसं बसतात, ही बातमी जळकोटच्या घरात पोचली तेव्हा घरात अकरा माणसं होती. त्यामुळं सांगणाऱ्याची मोजण्यात काहीतरी चूक झाली असावी, असं सगळ्यांना आधी वाटलं.

"दोन पुढं. आन् मागं किती?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"मागं कुणी नाही, अव्वा," रेवणसिद्ध म्हणाला. "मागं पेट्रोलची टाकी आणि एक जादा चाक."

"म्हंजी चाकाला जागा हाय, आन् मला न्हाय."

रेवण चार वर्षांचा असताना त्याची आई गेली, आणि तेव्हापासून या थोरल्या काकूनंच त्याला वाढवलं होतं. आपण वाढवलेला पोरगा आपल्याला जादा चाकाच्या खालोखाल मोजतो, हे तिनं पदराच्या एका झटक्यानं सगळ्यांना कळवलं.

सोप्यात लोडाला टेकून महांतप्पा हे ऐकत होते. तोंडावर काहीच दिसू न देण्याचा त्यांना चाळीस वर्षांचा सराव होता. बैलबाजारात ज्याच्या तोंडावर दिसतं तो लुटला जातो. नळदुर्गपासून आळंदपर्यंतच्या बाजारांत महांतप्पांना कुणी लुटल्याची नोंद नव्हती. जनावर बसल्या जागेवरून उठताना नुसतं बघून ते त्याचं वय, त्याची खोड आणि विकणाऱ्याच्या तीन पिढ्यांची नियत सांगत. यातलं तिसरं सहसा न विचारता सांगत.

मात्र घरात त्यांचं एक गणित जमत नव्हतं. तीन मुली सुस्थळी पडल्या होत्या, मुलगा नव्हता. नळदुर्गच्या धान्याच्या अडतीवर त्यांच्या मागं बसणारा म्हणजे धाकट्या भावाचा, सोमलिंगचा, हा एकुलता एक रेवण. आणि रेवण हैदराबादेहून वकिलीची परीक्षा पास होऊन, काळा कोट शिवून आला होता.

"काळा कोट घालून भांडणारे शेकड्यानं हैत," महांतप्पा म्हणत. "करडई मुठीत धरून भाव सांगनारा एखादाच."

यावर सोमवारी जेवताना जो तह झाला, त्यात सगळ्यांनी थोडं थोडं गमावलं होतं, म्हणजे तह चांगला होता. रेवणनं वकिली धाराशिवला करायची. पण खानावळीचं अन्न खाऊन त्याचं पोट बिघडणार हे गिरिजाबाईंना आत्ताच दिसत असल्यामुळं राहायचं जळकोटलाच. दोन्हींच्या मधे वीस कोस रस्ता होता, म्हणून वाहन. वाहन जुनं, परवडेल असं, आणि रेवणनं स्वतः निवडायचं. शेवटचं कलम महांतप्पांनी घातलं.

"बैलाला आसती तशी आठ दिवसांची बोली. आयतवार सोडून आठ दिवस रोज कोर्टाच्या टायमाला धाराशिवला पोचलास, तर तुजी निवड खरी. मग आमी तोंड उघडणार न्हाय. एक दिवस जरी चुकला, तर कोट खुंटीला आन् तू अडतीवर. कबूल?"

"कबूल," रेवण म्हणाला. बाविसाव्या वर्षी माणूस कशालाही कबूल म्हणतो, त्यातही समोर वाहन असलं तर.

तीन वाहनं नजरेत होती. उमरग्याच्या, रस्त्याची कामं घेणाऱ्या एका गुत्तेदाराची लष्कराच्या लिलावातली जीप. तुळजापुरात यात्रेकरूंना घेऊन फिरणारी, चार दारांची काळी मोटार. आणि नळदुर्गच्या आण्णासाहेबांची ही तांबडी, उघड्या टपाची, तारांच्या चाकांची, विलायती दोन-माणशी गाडी. रेवण पहिल्या दोन गाड्यांची नावं घ्यायचा तेव्हा वकिलासारखा बोलायचा. तिसरीचं नाव निघालं की त्याचा आवाज सोळा वर्षांच्या पोराचा व्हायचा.

"जीप बरी," सोमलिंग म्हणाला. "शेंगाची पोतीबी घालता येतेत."

"काळीत आठ माणसं बसतेत," गिरिजाबाई म्हणाल्या. "तुळजापूरला जाऊन येता यील."

"काळी बी बरीच हाय," सोमलिंग म्हणाला. जो शेवटी बोलेल त्याच्या बाजूनं जायचं, या धोरणावर त्यानं पन्नास वर्षं सुखात काढली होती.

पायरीवर बशीत चहा ओतून गफार बसला होता. शेंगाची लॉरी चालवणारा, तिच्या पोटात शिरून तिला बरी करणारा, आणि रेवणला गाडी शिकवणारा हाच. साहजिकच सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं.

"जीप का तर सब कुछ लष्करातच होऊन गेलंय," गफार म्हणाला. "काळीची दारं यात्रेकरू उतरताना हातात घेऊन उतरतेत. देवीचा परसाद म्हनून."

"आन् तांबडी?"

गफारनं बशी खाली ठेवली. "तांबडी चीज है, अव्वा. पर चीज बघताना माणूस आंधळा हुतो. त्यो खरा धोका."

यावर महांतप्पा लोडावरून पुढं झाले आणि शांतपणे म्हणाले, "तांबडी घे."

गिरिजाबाईंनी नवऱ्याकडं, ताकाला फेस जास्त आला की बघायच्या तसं बघितलं.

"पोराचं वय हाय," महांतप्पांनी खुलासा केला. "या वयात न्हाय तर कवा बसणार?"

"तुमी कधीपास्नं वयाचं बगायलाव? त्याच्या वयात तुमी गाडीला काय जुंपलं हुतं ते सांगा की."

"तांबडी बी तशी बरी," सोमलिंग म्हणाला.

महांतप्पांच्या मनातला हिशोब सरळ होता. शर्यतीचा बैल रोजच्या कामाला जुंपला की तिसऱ्या दिवशी खुरं धरतो. वीस कोस जायचे, वीस यायचे, आठ दिवस. जीप कदाचित पोचली असती. काळी दारं टाकत टाकत का होईना पोचली असती. तांबडी पोचणार नव्हती. आणि निवड पोराची, म्हणजे दोषही पोराचा. घरात कुणाला वाईट न बोलता अडतीला वारस मिळत होता. आयुष्यात प्रथमच त्यांनी एका वाहनाला ते न बघता पसंती दिली, आणि रात्री त्यांना झोप चांगली लागली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला चौघं गफारच्या लॉरीतून नळदुर्गला आण्णासाहेबांच्या दारात उतरले. पुसाचा महिना होता, उन्हातही अंगावर घोंगडं लागत होतं.

आण्णासाहेब निजामाच्या काळात करोडगिरी नाक्यावर होते. सोलापूरकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीची झडती घेऊन जकात लावणं हे त्यांचं काम. पुढं राज्य विलीन झालं, सरहद्द गेली, नाका गेला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या अडवलेल्या माणसाला स्वतःची गाडी असावी असं वाटलं, आणि त्यांनी हैदराबादच्या एका नवाबाच्या वारसांकडून ही तांबडी आणली. चार वर्षं फिरवली. गेली दोन वर्षं मात्र आण्णासाहेब आणि स्टिअरिंग यांच्या मधे पोट येत होतं, आणि पोट मागं हटायला तयार नव्हतं.

"या, महांतप्पा. बैल बघायला आल्यासारखे आलाव."

"आमी नुस्तं सोबतीला. बघनारा ह्यो," महांतप्पांनी रेवणकडं बोट केलं, आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून घेतले. आज तोंड उघडायचं नाही, असं ते लॉरीत बसतानाच ठरवून आले होते.

गाडी कडुलिंबाखाली उभी होती. लांब नाक, दोन डोळे, अंग जमिनीला टेकल्यासारखं. महांतप्पा नको नको म्हणत तिच्याभोवती एक फेरी मारून आले. तिच्या कपाळावर भोवरा कुठं आहे हे बघण्यासाठी आपण वाकलो आहोत, हे त्यांच्या वाकल्यावर लक्षात आलं.

"नवाबसाहेबांनी गुलाबपाण्यानं धुतलेली गाडी," आण्णासाहेब सांगत होते. "आठ दिवस झाले, हात लावला न्हाय मी तिला. आन् तरी बघा."

त्यांनी आत हात घालून बटण दाबलं. अर्ध्या दाबात गाडी गुरगुरली आणि लगेच एका लयीत बोलायला लागली. रेवणचा चेहरा असा झाला, की बाजारात एखाद्या गिऱ्हाइकाचा तसा झाला असता तर महांतप्पांनी त्याला हात धरून घरी पाठवलं असतं.

रेवण तसा अगदीच भोळा नव्हता. त्यानं टायर नखानं दाबून बघितले. तेलाची पट्टी काढून पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. पाण्याच्या टाकीचं झाकण फिरवायला गेला आणि मधेच सोडून दुसरीकडं वळला. गफार घोंगडं अंथरून खाली शिरला. सोमलिंगनं दार उघडून लावलं आणि दार चांगलं आहे असं जाहीर केलं.

"उमर काय झाली हिची?" सोमलिंगनं विचारलं.

"बारा वर्षं. पण वापर किती? नवाबाच्या घरी हिला फक्त हवेसाठी काढायचे."

महांतप्पांच्या पायाला रग लागली होती. आधाराला म्हणून त्यांनी गाडीच्या लांब नाकावर हात ठेवला. आण्णासाहेबांनी मघाशी चालू करून लगेच बंद केलेली गाडी. आठ दिवस उभी. रात्रभर पुसाच्या दवात. आणि पत्रा चुलीजवळच्या पाटासारखा ऊन होता.

त्यांनी हात काढला नाही. तोंडावरही काही आलं नाही. पण ही युक्ती ते आण्णासाहेबांच्याही आधीपासून ओळखत होते. लंगडा बैल विकायचा असला की दलाल पहाटे त्याला दोन कोस हिंडवून आणतो. सांधे ऊन झाले की लंगडेपण झाकतं. नऊला बाजारात उभा केला की बैल नाचतो. घरी नेऊन रात्रभर बांधला की सकाळी उठत नाही. म्हणून ठरलेला नियम असा, की जनावर ते बसलेलं असताना बघायचं, उठताना बघायचं, आणि उभ्या केलेल्या जनावराचा भाव करायचा नाही.

आता बोलायचं नव्हतं. बोलायचं कारणच नव्हतं. हेच तर हवं होतं. पोरगा ही गाडी घेणार, उद्या सकाळी ती उठणार नाही, कोर्टाचा टाइम चुकणार, तह पूर्ण होणार. आपण काही केलं नाही. आण्णासाहेबांनी केलं. देवानं केलं म्हटलं तरी चाललं असतं.

"बसा, चहा घ्या," आण्णासाहेब म्हणाले. "मग भावाचं बोलू."

ओसरीवर चहा झाला. आण्णासाहेबांनी खांद्यावरचा रुमाल काढून उजव्या हातावर टाकला. बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. रुमालाखाली हातात हात घालून बोटं दाबायची; कुठलं बोट म्हणजे किती, ते दोघांनाच कळतं, भोवतालच्यांना फक्त रुमाल हललेला दिसतो. मोटारीसाठी ही रीत कुणी वापरल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पण दोघंही इथल्याच मातीतले होते आणि भोवती माणसं जमली होती.

आण्णासाहेबांनी रुमालाखालचा हात रेवणपुढं केला. रेवणनं तो घेतला नाही.

"हात घरच्या वडीलधाऱ्याचा असतो," तो म्हणाला. "अप्पा, तुम्ही घाला."

"बघनारा तू हाईस की," महांतप्पा म्हणाले.

"बघितली मी. मला पसंत आहे. हात तुमचा."

महांतप्पांनी रुमालाकडं बघितलं. रुमालाखाली हात घातला की जनावर त्या हाताचं. पुढं ते लंगडलं तर बाजारात नाव त्या हाताचं निघतं. उद्या सकाळी गाडी उठली नाही, तर नळदुर्गपासून आळंदपर्यंत लोक काय म्हणतील? रेवण वकिलाला फसवलं असं कुणीच म्हणणार नाही. रेवण वकील कुणाला ठाऊक होता? महांतप्पाच्या हातात हिंडवून आणलेलं जनावर दिलं, असं म्हणतील. दलाल लोक एकमेकांना चहा पाजत सांगतील. नातवंडांना सांगतील.

त्यांनी उजवा हात उचलला, रुमालापर्यंत नेला, आणि तिथून परत आणून मांडीवर ठेवला.

"आण्णासाहेब," ते म्हणाले, "जनावर हिंडवून आणलंय तुमी."

आण्णासाहेबांचा रुमाल हातावर तसाच राहिला.

"काय बोलायलाव, महांतप्पा!"

"पत्र्याला हात लावलाय म्या. आठ दिवस बसलेलं जनावर इतकं ऊन नसतं, आन् असलं तर आजारी असतं. उद्या सा वाजता येतो. तवर हिला कुणी हात लावायचा न्हाय. गफार रातीला हितंच झोपंल."

"मी तर तेच म्हणायलो हुतो," सोमलिंग म्हणाला. तो काहीच म्हणत नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी सहाला गाडी दवानं भिजलेली होती. आण्णासाहेब कानाला मफलर गुंडाळून आले आणि बटण दाबलं. गाडीनं एक उसासा टाकला. पुन्हा दाबलं, तेवढाही टाकला नाही. गफारनं लोखंडी हँडल घालून फिरवलं. रेवणनं फिरवलं. सोमलिंगनं अर्धा फेरा फिरवला आणि खांदा धरून बाजूला झाला. मग गफारनं पत्रा उघडून आत डोकं घातलं आणि बऱ्याच वेळानं काढलं.

"बॅटरी बुढ्ढी झालीय, अप्पा. चार वायर सडलेत. बाकी इंजन जवान हाय. खोटं न्हाय बोलत."

चौघांनी मिळून तिला आण्णासाहेबांच्या दारापुढच्या उतारावर ढकललं. दहा पावलांवर तिनं खोकून डोळे उघडले, आणि मग अशी बोलायला लागली की गल्लीतली कुत्री उठली.

"एक फेरी मारून येऊ," रेवण म्हणाला. "या, अप्पा."

दुसऱ्या जागेवर महांतप्पा बसले. बसले म्हणजे खाली गेले. जमीन इतक्या जवळून त्यांनी आजवर फक्त पेरणीच्या वेळी बघितली होती. गाडी नदीचा पूल ओलांडून मोठ्या रस्त्याला लागली, आणि मग वारा त्यांच्या तोंडात शिरला. बाभळी मागं पळत होत्या. पुढच्या चढाला गाडी आता श्वास घेईल, आता घेईल, म्हणून ते वाट बघत राहिले आणि चढ संपला. ही चाल होती. चाल कळण्याचा, माणूस कशावर बसलाय याच्याशी काही संबंध नसतो. आपल्याला हसू येतंय हे ध्यानात आल्यावर त्यांनी खोकून ते गिळलं.

"पाणी काल गरम होतं, अप्पा," रेवण वाऱ्यावर ओरडून म्हणाला. "झाकण उघडायला गेलो, बोट भाजलं."

महांतप्पांनी त्याच्याकडं वळून बघितलं. "मग बोलला का न्हाईस?"

"तुम्ही बोलता का ते बघत होतो."

महांतप्पांनी वाऱ्यानं सुटलेलं पटक्याचं टोक परत खोचलं.

"आन् म्या बोललो नसतो तर?"

"तर गाडी घेतली नसती. आणि अडतीवरही बसलो नसतो. धाराशिवला खोली बघून ठेवली होती." रेवणनं गिअर बदलला. "सामान बांधून निघालो असतो. अव्वाला काय सांगायचं ते तेवढं ठरलं नव्हतं."

महांतप्पांना एकदम थंडी वाजली. ती वाऱ्याची असावी.

"पुढं बघून हाक," ते म्हणाले.

परत वळताना त्यांनी विचारलं, "बैल बसका हाय हे डोळ्यानं बगून घेतोस?"

"बसका नाही, अप्पा. उठायला जड आहे. तुम्हीच सांगता की, उठायला जड आणि चालायला सरळ, असं जनावर सोडू नये. झटकन उठणारं आणि रानात बसणारं घेऊ नये."

हे ते खरंच सांगत. गेली चाळीस वर्षं प्रत्येकाला सांगत. घरातल्या कुणी ते ऐकून ठेवलं असेल असा त्यांना संशय नव्हता.

ओसरीवर परत रुमाल आला. यावेळी महांतप्पांनी बाह्या सारून हात घातला. रुमाल बराच वेळ हलला. आण्णासाहेबांच्या कपाळावर थंडीतही घाम आला. एकदा त्यांनी हात काढून घेतला, पाणी पिऊन आले, आणि पुन्हा घातला. शेवटी भाव काय ठरला ते त्या दोघांना ठाऊक. गफार एवढंच सांगायचा, की आण्णासाहेबांनी निरोप देताना चहाचं विचारलं नाही.

"बोली मात्र बोली हाय," लॉरीत बसताना महांतप्पा म्हणाले. "आठ दिवस. एक चुकला की अडत."

"कबूल," रेवण म्हणाला.

*

नवी बॅटरी सोलापूरहून यायची होती, आणि गफारची लॉरी सोलापूरला जाऊन परतायला पुढचा आठवडा उजाडणार होता. म्हणजे नेमके ते आठ दिवस जुन्या बॅटरीवर काढायचे होते.

पहिल्या पहाटे रेवण एकटाच गाडीला खांदा लावून ढकलत असताना महांतप्पा मागं येऊन उभे राहिले. बोलीप्रमाणं त्यांनी अंथरुणात पडून राहायला हवं होतं. पण त्यांना दिसत होतं ते वेगळंच. आणखी घटकाभरानं गाव उठणार, माणसं तांब्या घेऊन बाहेर पडणार, आणि महांतप्पानं रुमालाखाली हात घालून आणलेलं जनावर दारातून हलत नाही, हे जळकोट बघणार.

"आत बस," ते म्हणाले. "आन् उद्यापास्नं साडेपाचला निघायचं."

"अप्पा, कोर्ट अकराला भरतं."

"भरू दे. आपन साडेपाचला निघायचं."

अशा रीतीनं घरापुढच्या उतारावर रोज पहाटे अठ्ठावन्न वर्षांचा अडत्या तांबडी गाडी ढकलू लागला, आणि धाराशिवच्या कोर्टात झाडूवाल्याच्याही आधी एक वकील हजर राहू लागला. पहिले दोन दिवस शिपायाला वाटलं, याचं घरात भांडण झालं असावं. पाचव्या दिवशी बब्रुवान नावाचा एक शेतकरी पहिल्या एस.टी.नं आला. शेजाऱ्यानं त्याच्या रानातून बैलगाडीची वाट पाडली होती. दुसऱ्या एस.टी.नं शेजारी येणार होता, त्याच्या आधी त्याला वकील हवा होता. साडेआठला कोर्टाच्या आवारात वकील एकच होता. रेवणला पहिला दावा मिळाला. तारीख आठव्या दिवसाची.

"पहिल्या आठवड्यात दावा!" सोमलिंग म्हणाला. "मी तर पयल्यापास्नं वकिलीच म्हणायलो."

नवऱ्याच्या अंगाला रोज पहाटे तेलाचा नि रबराचा वास कसा येतो, हे गिरिजाबाईंनी विचारलं नाही. फक्त सातव्या रात्री त्यांच्या खांद्याला ऊन तेल चोळताना म्हणाल्या, "उद्याचा एकच दिस ऱ्हायला नव्हं?"

"कसला?"

"बोलीचा. का इसरलाव?"

महांतप्पा उपडे पडले होते. त्यामुळं तोंडावर काय आलं ते त्यांना झाकावं लागलं नाही.

आठव्या दिवशी थंडी जोरावर होती. गाडी उतारावरून गेली, एकदा खोकली, आणि तळाला मोठ्या रस्त्याच्या कडेला उभी राहिली. पुढं सपाट होतं. पूर्वेला तांबडं फुटलं होतं आणि गल्लीत दारांच्या कड्या वाजायला लागल्या होत्या. महांतप्पा धापा टाकत तिच्याजवळ पोचले.

रेवण स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. अंगावर काळा कोट होता. "राहू द्या, अप्पा," तो म्हणाला. "सकाळची एस.टी. आता गेली, दुसरी दुपारची. बोली ती बोली. बब्रुवानला निरोप धाडतो, आणि उद्या अडतीवर येतो."

त्याच्या आवाजात कुरकुर नव्हती. महांतप्पांना ते कुरकुरीपेक्षा जड गेलं. काही करायचं नव्हतं. नुसतं घरी परतायचं होतं. उद्या हा पोरगा गादीवर बसेल, करडई मुठीत घ्यायला शिकेल, चांगला शिकेल, आणि साडेपाचला उठायचं कारण कुणालाच उरणार नाही.

"गिअर टाक," ते म्हणाले.

"अप्पा, हे सपाट आहे. एकट्याला व्हायचं नाही."

"तुला रस्ता बघायला बसवलंय का माजी ताकद बघायला? गिअर टाक म्हणतो!"

घामानं पटका कपाळावर सरकत होता. त्यांनी तो काढून दुसऱ्या जागेवर टाकला, जादा चाकाला छाती लावली, आणि पाय रोवले. गाडी तसूभर हलली. मग हातभर. मग त्यांच्या मागं कुणाची तरी पावलं वाजली आणि शेजारी दोन खांदे येऊन लागले. जवळचा कुणाचा हे बघायला त्यांनी मान वळवली नाही, कारण रात्री खांद्याला चोळलेल्या तेलाचा वास त्यांना ओळखीचा होता. पलीकडून सोमलिंग म्हणाला, "ढकलायला पायजेच," आणि खरोखर ढकलू लागला. तिसाव्या पावलाला गाडी गरजली, तिघांच्या छातीखालून निसटली, आणि तुळजापूरच्या दिशेनं तांबडा ठिपका होऊन गेली.

गिरिजाबाई पदर सावरून घराकडं वळल्या. सोमलिंग त्यांच्या मागं गेला. महांतप्पा मात्र गुडघ्यावर हात ठेवून तिथंच उभे राहिले, श्वास परत येईपर्यंत. एवढ्यात उत्तरेश्वर न्हावी धोकटी घेऊन समोरून आला आणि थबकला. त्याच्या जन्मात त्यानं महांतप्पांना उघड्या डोक्यानं वाटेवर पाहिलं नव्हतं. दाढीलासुद्धा पटका मांडीवर असे.

"अप्पा, पटका कुठाय?"

महांतप्पांनी डोक्यावरून हात फिरवला आणि रिकाम्या रस्त्याकडं बघितलं.

"धाराशिवला गेलाय," ते म्हणाले. "आज त्याला कोर्टात काम हाय."